मुखपृष्ठ, वयोगटाचा शिक्का आणि आपली तेरा-चौदा वर्षांची मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत क्लब हाऊसला लागून एक खोली आहे. रविवारी सकाळी दहा ते एक तिथे वाचनालय चालतं. पाचवी ते बारावीच्या मुलांची दोन कपाटं माझ्याकडे आहेत. पालक मला लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. मुलंही विचारतात, पण आई बाहेर गेल्यावर. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिते आहे.

मुलगी नुसतं मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलते. हे वरवरचं नाही का?

नाही. कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी दुसरं असतं काय? पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि चित्र. तेराव्या वर्षी लेखक फारसे ओळखीचे झालेले नसतात, म्हणून सगळा भार चित्रावर येतो. आपल्या घरांतही हेच होत आलंय. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. माझ्या आजोबांच्या नौपाड्यातल्या घरी दलालांची मुखपृष्ठं कापून ठेवलेली एक फाइल होती. त्यातल्या किती अंकांमधलं लेखन आजोबांनी वाचलं होतं, हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही.

शिवाय मुखपृष्ठ सांगतं, आणि ते मुद्दामच सांगायला बनवलेलं असतं. इंग्लंडमध्ये १९३५ साली पेंग्विनने स्वस्त पुस्तकं काढली तेव्हा नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवं म्हणजे रहस्यकथा, निळं म्हणजे चरित्र अशी खूण ठेवली होती. वाचक ती खूण ओळखून हात घालत. तुमची मुलगी आजच्या खुणा ओळखते आहे. काळ्या मुखपृष्ठावर एकच वस्तू आणि वर चंदेरी अक्षरं असली की आत जादू आणि राज्यं असणार, हे तिला माझ्याआधी कळतं.

मुलं मुखपृष्ठावर नेमकं काय बघतात?

मी जे बघत आले ते सांगते. पहिली नजर जाते चित्रातल्या माणसाच्या वयावर. चित्रातला मुलगा दहा वर्षांचा दिसला की तेरा वर्षांचा वाचक पुस्तक परत ठेवतो. तोच मुलगा सोळा-सतराचा दिसला तर अकरा वर्षांचाही ते उचलतो. मुलं आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांबद्दल वाचतात, धाकट्यांबद्दल वाचायला सहसा तयार नसतात. प्रकाशकांनाही हे पक्कं ठाऊक आहे. किशोरांच्या कादंबऱ्यांतली मुख्य पात्रं त्यामुळेच वाचकापेक्षा थोडी मोठी असतात.

दुसरी नजर जाते अक्षरांवर. फुगीर, रंगीबेरंगी, उड्या मारणारी अक्षरं म्हणजे ‘छोट्यांचं’. तिसरी गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. मुलं पुस्तक हातात धरून बघतात की ते आपल्या हातात कसं दिसतंय. परवा नववीतली एक मुलगी दोन पुस्तकं घेऊन टेबलापाशी आली. वरचं सुलट होतं, खालचं पालथं. रजिस्टरमध्ये नोंद करायला मी खालचं उलटलं, तर त्यावर गोल डोळ्यांची, दोन वेण्यांची एक मुलगी आणि मागे इंद्रधनुष्य. ती म्हणाली, “काकू, गोष्ट चांगली आहे, मी दोन पानं वाचली. पण चित्र फारच बाळबोध आहे हो.” दोन पानं वाचून, गोष्ट आवडूनही ते पुस्तक तिने पालथं धरून आणलं. ते धरलेलं कोण बघेल, एवढ्याचीच तिला काळजी होती. शेजारच्या कपाटापाशी तिच्या वर्गातली दोन मुलं उभी होती.

या वयात पुस्तक निवडणं म्हणजे थोडंफार कपडे निवडण्यासारखंच असतं. ते चारचौघांत घालून फिरायचं असतं: स्कूलबसमध्ये, क्लासच्या बाकावर, ठाणे-वाशी लोकलमध्ये. हे एकदा ध्यानात आलं की निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

पण पुस्तकावर वयोगट छापलेला असला तर निवड सोपीच होते ना?

विकत घेणाऱ्या मोठ्यांना होते. मामाला भाचीच्या वाढदिवसाला पुस्तक द्यायचं असतं, दुकानात पाच मिनिटं असतात, मागे ‘११+’ दिसलं की तो निश्चिंत. ही सोय खोटी नाही, मी तिला हसत नाही. वाचणाऱ्या मुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

ब्रिटनमध्ये २००८ साली बालपुस्तकांच्या प्रकाशकांनी ५+, ७+, ९+, ११+ आणि १३+ असे आकडे पुस्तकांवर छापायचं ठरवलं, तेव्हा लेखकच उभे राहिले. फिलिप पुलमन त्यांच्यात पुढे होते. त्यांचा मुद्दा साधा होता. सावकाश वाचणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला त्याला जमेल असं पुस्तक मिळतं, पण त्यावर ‘९+’ लिहिलेलं असेल तर तो ते वर्गात उघडणार नाही. आणि भराभर वाचणारी आठ वर्षांची मुलगी ‘११+’ बघून हात मागे घेईल, किंवा तिची आई घ्यायला लावेल. आकडा एकच असतो, पण एकाला लाज देतो आणि दुसरीची वाट अडवतो.

मोठा आकडा काय करतो, याचाही अनुभव सगळ्यांना आहे. नेदरलँड्समध्ये ७ ते १७ वर्षांच्या ३१० मुलांवर झालेला एक अभ्यास २००९ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुलांना व्हिडिओ गेमची वर्णनं दिली होती आणि त्यांवर वयाचे शिक्के बदलून लावले होते. शिक्क्याने जो गेम त्यांच्या वयाला नको म्हटला, तोच मुलांना जास्त हवासा वाटला. अगदी सात-आठ वर्षांच्यांनासुद्धा, आणि मुलींनासुद्धा. तो अभ्यास गेमचा होता, पुस्तकांचा नव्हता. पण ‘१६+’ची पट्टी असलेलं पुस्तक आमच्या कपाटात कधी धूळ खात पडलेलं मी पाहिलेलं नाही.

सिनेमाला ‘यूए १३+’ असतं. मग पुस्तकांना असं सर्टिफिकेट का नाही?

भारतात सिनेमाला प्रमाणपत्र लागतं. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ओटीटीवर तशीच वर्गवारी २०२१च्या नियमांनी आली. पुस्तकांसाठी असं प्रमाणपत्र देणारं मंडळ आपल्याकडे नाही. मराठी पुस्तकावर ‘वयोगट १० ते १४’ छापलेलं दिसलं तर तो त्या प्रकाशकाचा अंदाज आहे, सरकारी शिक्का नव्हे. अनेक पालकांना तो नियम वाटतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि मंडळ असावं का? न्यूझीलंडमध्ये एका किशोर कादंबरीला २०१३ साली देशाच्या बालसाहित्य पुरस्कारांतला सर्वोच्च मान मिळाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिच्यावर १४ वर्षांखालच्यांना मनाई झाली. २०१५च्या सप्टेंबरमध्ये तर काही आठवडे तिच्या विक्रीवर पूर्ण बंदी होती, ऑक्टोबरमध्ये ती उठली आणि वयाची अटही गेली. एकच पुस्तक, दोन वर्षांत इतके निकाल. सिनेमा दोन तास समोर चालतच राहतो. पुस्तक नकोसं झालं की मूल स्वतः मिटतं, आणि मी बघितलंय की ती खरोखर मिटतात.

मग तुमच्या वाचनालयात वयोगट आहेत की नाहीत?

आधी होते. कपाटावर ‘बालविभाग’ अशी पाटी, बाजूला थर्माकोलचा ससा, आणि पुस्तकांच्या कण्यावर गोल स्टिकर: हिरवा ८ ते १२, पिवळा १२ ते १५. हे सगळं मीच, अगदी हौसेने, एका मे महिन्यात केलं होतं. दिवाळीपर्यंत सातवीच्या पुढची मुलं त्या कपाटापाशी यायची बंद झाली. एक मुलगा यायचा, तो नखाने स्टिकर खरवडून पुस्तक न्यायचा. मला ते रागाने नाही, वाईट वाटून आठवतं. त्याला ती गोष्ट वाचायची होती आणि माझा स्टिकर आड येत होता.

मग ससा खाली गेला, पहिली ते चौथीच्या कोपऱ्यात. तिथे तो सुखी आहे. स्टिकर काढले. आता पुस्तकं विषयाने लावलेली आहेत: रहस्य, भूत, खेळ, विज्ञान, मैत्री-भांडणं, इतिहास, प्रवास. एका कप्प्यात पाचवीचा आणि अकरावीचा वाचक शेजारी शेजारी उभे असतात. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने एक फरक मांडलेला आहे: एक चिठ्ठी पुस्तक शोधायला मदत करते आणि दुसरी वाचकाला परत पाठवते. आम्ही पहिली ठेवली. प्रत्येक पुस्तकाच्या आत, पहिल्या कोऱ्या पानावर, दोन ओळी पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. ‘यात आजोबांचा मृत्यू आहे.’ ‘मारामारी बरीच, शेवट गोड.’ बाहेरून दिसत नाही, उघडणाऱ्याला कळतं. या ओळी आता मुलंच लिहितात आणि माझ्यापेक्षा नेमक्या लिहितात.

आमचा मुलगा इंग्रजी ढिगाने वाचतो, मराठीला हातच लावत नाही. याला मुखपृष्ठं कारणीभूत आहेत का?

एकमेव कारण नाही, पण मोठं कारण आहे. सगळ्यात जास्त तळमळीने मला बोलायचं असतं ते याच प्रश्नावर.

वाशीच्या मॉलमधल्या पुस्तकाच्या दुकानात जा. इंग्रजीत चित्रपुस्तकं वेगळी, आठ ते बाराची वेगळी आणि ‘यंग ॲडल्ट’चं, म्हणजे किशोरवयीनांचं, कपाट वेगळं. त्या तिसऱ्या कपाटातली मुखपृष्ठं मोठ्यांच्या पुस्तकांसारखी देखणी आणि गंभीर असतात. मराठीच्या कपाटापाशी या. एका टोकाला बडबडगीतं, बोधकथा, पंचतंत्र. दुसऱ्या टोकाला थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या, चरित्रं, आत्मकथनं. मधला कप्पा जवळजवळ नाहीच. कुमारांसाठी मराठीत लिहिलं जात नाही असं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि किती मोठ्या लेखक-चित्रकारांनी त्यात काम केलंय! पण पुस्तक होऊन बाहेर येताना कुमारांच्या कादंबरीवर बहुतेक वेळा ‘बालसाहित्य’ असा शब्द बसतो, मुखपृष्ठावर गोबऱ्या गालांची मुलं येतात आणि मलपृष्ठावर ‘संस्कारक्षम’ हा शब्द. चौदा वर्षांच्या मुलाला हे तिन्ही मिळून सांगतात की हे तुझ्यासाठी नाही, तू मागे सोडून आलेल्या वयासाठी आहे. आणि मग आपण म्हणतो, मुलांना मराठीची गोडी नाही.

आम्ही एक करून पाहिलं. मराठीतल्या काही कुमार कादंबऱ्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि वर स्केचपेनने फक्त पहिलं वाक्य लिहिलं. नाव नाही, चित्र नाही, वयोगट नाही. परदेशातल्या वाचनालयांत हा खेळ बरेच जण करतात, त्यात माझी कल्पना काही नाही. एक पुस्तक दोन वर्षं कुणी नेलं नव्हतं, ते त्या रविवारी साडेअकराच्या आत गेलं. नेणारा दहावीतला होता. पुढच्या आठवड्यात परत करताना त्याने वर्तमानपत्र काढलंच नव्हतं, फक्त फाटलेल्या कोपऱ्याला सेलोटेप लावला होता.

चित्रकार आपल्याकडे कमी नाहीत. सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांची मुखपृष्ठं मराठी घराघरांत आहेत. त्या तोडीचं मुखपृष्ठ तेरा वर्षांच्या वाचकालाही मिळावं, एवढीच प्रकाशकांकडे माझी मागणी आहे.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आठवीत आहे. मराठी अडखळत वाचते. तिला लहान मुलांची पुस्तकं देऊ का?

देऊ नका, किंवा दिलीत तर गुपचूप द्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत हा प्रश्न घराघरात आहे. मुलगी घरी मराठी बोलते, शाळेत एक विषय म्हणून मराठी आहे (२०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्याच शाळांत सक्तीचं झालं), पण वाचनाचा सराव तिसरीच्या पुढे गेलेला नाही. तिचं मन मात्र चौदा वर्षांचं आहे. ‘चिंटूचा चेंडू’ छापाचं वाक्य तिला वाचता येतं आणि तेच तिला अपमान वाटतं.

स्कॉटलंडमध्ये बॅरिंग्टन स्टोक नावाचे प्रकाशक नेमक्या अशा वाचकांसाठी पुस्तकं काढतात. विषय आणि मुखपृष्ठ वयाला साजेसं, आतली भाषा सोपी, पानं थोडी, कागद पिवळसर, अक्षर मोकळं. आवडीचं वय वेगळं आणि वाचनाचं वय वेगळं, हे त्यांनी मान्य केलंय. मराठीत असं काही मिळेपर्यंत मी हे सुचवते: विज्ञानाची छोटी पुस्तकं, खेळाडूंची चरित्रं, नाटकातले संवाद, भयकथांचे संग्रह. यांत वाक्यं लहान असतात आणि मुखपृष्ठं बाळबोध नसतात. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवलेत. मोबाइलवर वाचताना मुखपृष्ठ कुणालाच दिसत नाही, हा एक फायदाच. आणि रोज दोन पानं तुम्ही मोठ्याने वाचा. आठवीतल्या मुलीलाही ऐकायला आवडतं, ती तसं म्हणणार नाही.

गुलाबी, कार्टूनसारखं मुखपृष्ठ बघून मी कादंबरी घेतली आणि आत भलतंच निघालं. असं कसं?

हल्ली इंग्रजीतल्या मोठ्यांच्या प्रेमकथांवर फोटोऐवजी सपाट, गोड रंगांची चित्रं टाकतात. दोन हसरी माणसं, मध्ये एक मांजर. पालकांना वाटतं मुलांचं पुस्तक. आत प्रौढांसाठीची वर्णनं असू शकतात. मुलांची यात फसवणूक होते असं नाही. आत काय आहे हे मुलींना रील्समधून आधीच कळलेलं असतं. फसतो आपणच.

दोन साधे उपाय आहेत. अनेक इंग्रजी पुस्तकांच्या मागे बारकोडजवळ बारीक अक्षरांत पुस्तकाचा प्रकार छापलेला असतो. तिथे ‘यंग ॲडल्ट’ आहे की नुसतं ‘फिक्शन, रोमान्स’, ते बघा. आणि मधलं कुठलंही पान उघडून वाचा. पहिलं प्रकरण सगळ्यांचं सभ्य असतं. स्टेशनाबाहेरच्या पथारीवरच्या नकली प्रतींवर मात्र मागचा मजकूर कधी कधी वाचण्याजोगाही नसतो, तिथे मधलं पानच खरं.

मांगाच्या (जपानी कॉमिक्सच्या) मागे ‘टी’, ‘टी प्लस’ लिहिलेलं असतं, ते काय?

विझ या मोठ्या प्रकाशकाच्या मांगांवर ‘टी’ म्हणजे १३ च्या पुढे, ‘टी प्लस’ म्हणजे १६ च्या पुढे, ‘एम’ म्हणजे १८ च्या पुढे. नेरूळ-सीवूड्सकडच्या माझ्या भाच्यांकडून मी हे शिकले. एक गोष्ट लक्षात ठेवा: मालिका लांब चालली की पात्रं मोठी होतात आणि मजकूरही बदलू शकतो, त्यामुळे पहिला भाग चाळून दहाव्याची खात्री देता येत नाही.

मुलींची पुस्तकं, मुलांची पुस्तकं असं वेगळं ठेवता का?

नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली ‘मुलांसाठी’, ‘मुलींसाठी’ असे शिक्के पुस्तकांवरून काढा अशी मोहीम पालकांनीच चालवली आणि काही प्रकाशकांनी ते मानलं. आमच्याकडे शिक्का नव्हताच, पण गुलाबी मुखपृष्ठ तेच काम करतं. मैत्रीबद्दलची एक उत्तम कादंबरी केवळ जांभळ्या फुलांमुळे एकाही मुलाने नेली नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्यांमध्ये ती टाकली तेव्हा लागोपाठ तीन मुलग्यांनी नेली.

मुलगा प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालतो. काही लपवतोय का?

पुस्तक लपवत नसेल, स्वतःला लपवत असेल. हे मोठेही करतात. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याचे प्रकाशक ब्लूम्सबरी यांनी मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली, रेल्वेच्या इंजिनाचा कृष्णधवल फोटो असलेली. आतला मजकूर अक्षर न् अक्षर तोच. मोठ्या माणसांना ते गाडीत उघडायला संकोच वाटू नये, एवढंच कारण. तुमच्या मुलाकडे दुसरी आवृत्ती नाही, म्हणून खाकी कागद. त्याला तो आणून द्या. आमच्या टेबलाच्या खणात कायम असतो.

बारा वर्षांची मुलगी मोठ्यांची कादंबरी मागते. द्यावी?

मी आधी विचारते, “कुणाकडून कळलं गं याच्याबद्दल?” उत्तरात बहुतेक वेळा खरं कारण असतं. मैत्रिणीने वाचली, सिनेमा आला, घरात कुणाच्या तोंडी नाव ऐकलं. मग त्यात काय काय आहे ते सरळ सांगते. “यात घरातली मारहाण आहे. मध्ये एक आत्महत्या आहे. मला वाचून दोन दिवस बरं वाटत नव्हतं.” काही जणी म्हणतात, मग पुढच्या वर्षी. काही नेतात आणि चाळीसाव्या पानावरून परत आणतात. नेऊन पूर्ण वाचणाऱ्याही आहेत. त्यांच्या आईशी मी आधी बोलते, आणि ते मुलीला सांगूनच, तिच्या पाठीमागे नाही.

दहावीतला मुलगा अजून छोट्यांची साहसकथा वाचतो. काळजी करावी का?

अजिबात नाही. परीक्षेच्या वर्षात ओळखीची गोष्ट विसावा देते. आणि उलटही बघा: पुस्तकांच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या बोकर संस्थेच्या २०१२च्या पाहणीत ‘यंग ॲडल्ट’ पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून मोठे निघाले.

मी स्वतः चौदा वर्षांचा आहे. मला पुस्तक ठरवायला काय करू?

मुखपृष्ठ आवडलं तर उचल, त्यात काही चूक नाही. मग मलपृष्ठ वाच, पण त्यावर फार विसंबू नकोस, ते विकायला लिहिलेलं असतं. पहिलं पान वाच आणि मधलं एक. दोन्हींमध्ये पुढे काय होतं हे बघावंसं वाटलं तर घे. मुखपृष्ठ नाही आवडलं पण कुणी मित्राने सांगितलंय, तर पहिलं पान तेवढं वाचून मग ठेव. ठाण्यात स्टेशनजवळ मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तिथे कापडी बांधणीची जुनी पुस्तकं बघायला एकदा जा. एकसारखी तपकिरी, चित्र नाही, आकडा नाही. कुठलंही एक काढ आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचून बघ. नाहीच जमलं, तर रविवारी माझ्याकडे ये. खाकी कागद आहेच.